वाढत्या अंगाची सायकल

आपल्याकडे शाळेचा गणवेश घेताना एक वाक्य हमखास ऐकू येतं. "जरा वाढत्या अंगाचाच द्या." मग पोरगं दोन वर्षं बाह्या दुमडत फिरतं. शर्टाच्या बाबतीत हे खपून जातं. सायकलच्या बाबतीत खपत नाही, आणि तरीही आपण अख्ख्या देशाने सायकली वाढत्या अंगाच्याच घेतल्या आहेत. माझ्यासारखी पस्तिशी ओलांडलेली माणसंसुद्धा. आता आम्ही वाढणार ते फक्त आडवे!

तर मंडळी, आजचा वीकेंड लेख हा भांडणाचा लेख आहे. भांडण दुकानदाराशी आहे, कंपन्यांशी आहे, आणि सगळ्यात जास्त तुमच्या-माझ्याशी आहे.

झालं असं, गेल्या डिसेंबरात चार दिवसांची सुट्टी जमवली आणि सायकल घेऊन जालन्याला उतरलो. बेत साधा होता. सिंदखेडराजाला जिजाऊंच्या जन्मस्थळी डोकं टेकवायचं, पुढे दुसरबीड, बिबी, सुलतानपूर करत लोणार, मग मेहकर, चिखली, बुलढाणा, आणि शेवटी बोथा घाट उतरून खामगावमार्गे शेगाव. (समृद्धी महामार्ग याच भागातून जातो, पण त्यावर सायकलला बंदी आहे. बरंच आहे म्हणा, जुन्या रस्त्यावर चहा तरी मिळतो.) ज्ञानगंगा अभयारण्यातून जाणारा तो घाट मला बघायचाच होता. २०१९ साली टिपेश्वरचा एक तरुण वाघ तेराशे किलोमीटरहून जास्त चालून याच जंगलात येऊन पोचला होता. आपण निदान शे-दोनशे किलोमीटर तरी मारू, हा हिशोब.

सायकल नवी होती. टूरिंगची, स्टीलची फ्रेम, मागे कॅरिअर, दोन्ही बाजूंना बॅगा. घेताना महिनाभर अभ्यास केला होता. गिअर किती दातांचे, ब्रेक केबलचे की ऑइलचे, टायर किती जाड, सगळ्याची एक्सेल शीट केली होती. त्या शीटमध्ये फ्रेमच्या मापाचा रकाना नव्हता. दुकानात विचारलं, तर उत्तर आलं, "सर, लार्ज आहे स्टॉकमध्ये. तुम्हाला परफेक्ट बसेल. सीट खाली-वर होतेच ना." आणि मी, रोज दुसऱ्यांच्या कोडमधले बग काढून पोट भरणारा माणूस, मान डोलावून कार्ड पुढे केलं.

बिबी येईपर्यंत दोन्ही हातांच्या करंगळ्या बधिर झाल्या होत्या. (सायकलच्या पायडलची धुरी ज्यात बसते त्या भागालाही मेकॅनिक लोक बीबीच म्हणतात. योगायोग बघा.) लोणारला पोचेपर्यंत मान दगड झाली. पावणेदोन किलोमीटर रुंद आणि दीडशे मीटर खोल असं ते अशनीविवर मी काठावर उभं राहून, खांदे चोळत बघितलं. हँडल लांब वाटतंय म्हणून संध्याकाळी सीट रुळावर होती नव्हती तेवढी पुढे सरकवली. दुसऱ्या दिवशी मेहकरपर्यंत मानेची तक्रार कमी झाली आणि गुडघा सुरू झाला.

मेहकरात स्टँडजवळ एका पंक्चरवाल्याकडे हवा भरायला थांबलो. त्याने सायकलकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"भाऊ, सायकल तुमची हाय का कोनाची मांगून आनली?"

"माझीच आहे. नवीन आहे."

"मंग सीट एवढी पुढं कायले घेतली? सायकलच मोठी हाय तुम्हाले."

झालं! महानगरातल्या एसी दुकानात टाय लावलेल्या माणसाला जे दिसलं नाही, ते ह्या माणसाला हातात पंप घेऊन उभ्या-उभ्या अर्ध्या मिनिटात दिसलं. मी पुढची ट्रिप एसटीच्या टपावरून... नाही, टपावर सायकल गेली, मी आत बसलो. बोथा घाट खिडकीतून बघितला. वाघ हसला असेल.

घरी आल्यावर मात्र मी पिसाळल्यासारखा या विषयाच्या मागे लागलो. आणि लक्षात आलं की गडबड शब्दापासूनच सुरू होते. आपल्याकडे "सायकलची साईझ काय?" असं विचारलं की उत्तर येतं "२६ ची", "२४ ची", फार तर "७०० ची". हे सगळं चाकाचं माप आहे! चाकाचं माप सांगून सायकल विकणं म्हणजे टाच किती उंच आहे ते सांगून बूट विकण्यासारखं आहे. बरं, चाकाचंही धड नाही. जाड टायरच्या माउंटन बाइकची "२६" म्हणजे रिमवर टायर बसतो तिथला व्यास ५५९ मिलिमीटर, आणि पावणेदोन नव्हे तर एक तीन-अष्टमांश इंची टायरवाल्या लेडीज सायकलची "२६" म्हणजे ५९०. एकीचा टायर दुसरीला बसत नाही. बाबांच्या काळ्या सायकलचा २८ इंची म्हणजे ६३५, आणि "७००" म्हणजे ६२२. म्हणजे नावात ७०० आहे, प्रत्यक्षात २८ इंचीपेक्षा लहान आहे. असली व्हेरिएबलची नावं आमच्या ऑफिसात कुणी ठेवली असती तर कोड रिव्ह्यूमध्ये सालटी निघाली असती.

फ्रेमचं माप ही वेगळी गोष्ट आहे. पूर्वी ते सोपं होतं. सीटखालच्या उभ्या पाइपाची लांबी म्हणजे फ्रेमचं माप. काळ्या सायकली २२ आणि २४ इंची फ्रेममध्ये यायच्या, दांडी जमिनीला समांतर असायची आणि टांग टाकून उभं राहता आलं की माप बरोबर. गंमत म्हणजे हेही आपण पाळलं नाही. घरात एक सायकल, ती वडिलांच्या मापाची, आणि शिकणार सगळे. मग दांडीखालून पाय घालून कैची, मग हाफ पायडल, मग दांडीवर बसून, आणि मिसरूड फुटल्यावर सीटवर. आपण ह्या आठवणी किती प्रेमाने सांगतो! मीही सांगतो. पण नीट बघितलं तर ती एका पिढीला न परवडणाऱ्या वस्तूशी शरीराने केलेली तडजोड होती. नाइलाजाला आपण संस्कार म्हणू लागलो. यंत्र माणसाच्या मापाचं असावं हा विचारच आपल्या डोक्यात रुजला नाही. यंत्र आहे तसं असतं, वाकायचं आपण.

आजच्या सायकलींची दांडी मागे उतरती असते. त्यामुळे मोठ्या फ्रेमवरही टांग टाकून आरामात उभं राहता येतं आणि आपण फसतो. मीही असाच फसलो. उभं राहता आलं, म्हणजे मापाची! अहो, पण सायकलवर उभं राहायचं नसतं, दिवसाला सात-आठ तास बसायचं असतं. उभा पाइप आखूड झाला म्हणून सीट ते हँडल हे अंतर कमी होत नाही. खरं माप तिथे लपलेलं असतं.

म्हणून आता दोन आकडे बघायचे: स्टॅक आणि रीच. पायडलच्या धुरीच्या मध्यापासून सरळ वर जा, हँडलचा पाइप जिथे संपतो त्या उंचीपर्यंत. तो स्टॅक. तिथून आडवं पुढे त्या पाइपाच्या मध्यापर्यंत जा. तो रीच. फ्रेम उतरती असो, सरळ असो, कंपनीने तिला एम म्हणो, ५४ म्हणो की अजून काही, हे दोन आकडे खोटं बोलत नाहीत. फक्त ते सुटे-सुटे वाचायचे नाहीत. उदाहरण घ्या. समजा मीडियम फ्रेमचा स्टॅक ५६५ आणि रीच ३७५ आहे, लार्जचा ५९० आणि ३९०. कागदावर रीचमध्ये फरक फक्त १५ मिलिमीटरचा. पण टूरिंगला हँडल उंच हवं असतं, साधारण सीटच्या बरोबरीला. मीडियमवर २५ मिलिमीटरच्या रिंगा टाकून हँडल लार्जइतकं वर आणलं, तर हँडलचा पाइप मागे कललेला असल्यामुळे ते आठेक मिलिमीटर जवळही येतं. म्हणजे खरा फरक २३ मिलिमीटरचा. एवढ्यात काय होतं, असं वाटत असेल तर पायातल्या बुटाचं माप सव्वादोन सेंटिमीटरने चुकवून लोणारच्या विवरात उतरून बघा.

माझं माप मी काढलं ते एक भिंत, एक जाड पुठ्ठ्याचं पुस्तक, पेन्सिल आणि शिंप्याची टेप यांच्या जोरावर. अनवाणी भिंतीला पाठ लावून उभं राहायचं, पायांत वीतभर अंतर, पुस्तकाचा कणा दोन पायांमधून वर घट्ट दाबायचा (सीटवर बसल्यावर जेवढा दाब येतो तेवढा, लाजायचं नाही), आणि वरच्या कडेला भिंतीवर खूण करायची. तीनदा मोजून सरासरी. माझी उंची १६८ आणि पायाची आतली लांबी ७७ सेंटिमीटर निघाली. त्याला ०.८८३ ने गुणलं की धुरीपासून सीटची उंची मिळते: ६८ सेंटिमीटर. हा गुणक १९८० च्या दशकात ग्रेग लेमाँ या शर्यतपटूच्या नावाने प्रसिद्ध झाला. ०.६५ ते ०.६७ ने गुणलं की जुन्या पद्धतीच्या सरळ दांडीच्या फ्रेमचं माप: ५० ते साडेएक्कावन्न. ही काही ब्रह्मवाक्यं नाहीत, सुरुवातीचे आकडे आहेत. मग दांडी आडवी धरली तर तिची लांबी माझ्या धडाला आणि हातांना साडेत्रेपन्न ते चोपन्न सेंटिमीटरच्या आसपास हवी. माझ्या नव्या कोऱ्या लार्जची होती सत्तावन्न! दिवसाला सात तास मी तीन सेंटिमीटर लांब हात करून भीक मागत होतो.

आता नेहमीच्या सबबी घेऊ.

"सीट पुढे-मागे होते की." होते. पण सीटची जागा हँडलसाठी ठरवायची नसते, पायडलसाठी ठरवायची असते. हँडल गाठायला सीट पुढे घेतली की गुडघा पायडलच्या फार पुढे जातो. मानेचं दुखणं गुडघ्यात ढकलायचं, एवढंच होतं. आमच्या भाषेत याला पॅच म्हणतात. एक बग बंद, दोन चालू.

"हँडलचा स्टेम आखूड टाका." शंभरचा नव्वद, ऐंशी टाका, हरकत नाही. पण त्याच्या खाली जाऊ लागलात की सायकल वळवण्याची तऱ्हा बदलते. त्यातून पंधरा-वीस किलो सामान लादलेली सायकल. घाट उतरताना हा प्रयोग नको. शर्ट मोठा असेल तर शिंपी आवळून देतो, लहान असेल तर हात वर करतो. सायकलचं बरोब्बर उलट आहे. थोडी लहान फ्रेम सीट वर करून, रिंगा टाकून, स्टेम बदलून वाढवता येते. मोठी फ्रेम कापता येत नाही.

"दुकानासमोर चक्कर मारली, मस्त वाटली." पाच मिनिटांत सगळ्या सायकली मस्त वाटतात. पाच मिनिटांच्या डेमोवर सॉफ्टवेअर विकत घेणाऱ्या क्लायंटला आपण कँटीनमध्ये किती हसतो ते आठवा.

"आमच्या आजोबांनी चोवीस इंचीवर आयुष्य काढलं." काढलं. त्यांना पर्याय होता का? शिवाय त्या सायकलचं हँडल मागे वळून पोटाशी येतं, माणूस ताठ बसतो. त्या बैठकीला लांबीची चूक पचते. आपण पुढे झुकून बसणारी सायकल घेतली आहे.

"हे सगळे युरोपियन लाड आहेत." हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. १९२३ साली मुंबईहून काही पारशी तरुण सायकलवर जग फिरायला निघाले आणि त्यांतले तिघे १९२८ मध्ये प्रदक्षिणा पुरी करून परतले. पुण्याच्या वेदांगी कुलकर्णीने २०१८ मध्ये विशीच्या वयात जवळपास २९,००० किलोमीटर सायकल मारली. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावात उद्योगाचा श्रीगणेशा केला तो सायकलच्या दुकानाने. सायकल आपलीच आहे. लाड हा शब्द उगाच मधे आणू नका.

खरा विषय टूरिंग करणाऱ्या आयटीवाल्यांच्या गुडघ्यांचा नाहीच. आम्ही एसटीत बसू, फिजिओकडे जाऊ, सायकल तोट्यात विकून दुसरी घेऊ. मी घेतलीच. ज्यांना दुसरी घेता येत नाही त्यांचं काय?

माझी भाची चिखली तालुक्यातल्या एका गावात राहते. शाळा तीन किलोमीटरवर. ती आठवीत गेली तेव्हा कौतुकाने मामाने सायकल घेऊन दिली. २६ ची. दुकानात मी स्वतः म्हणालो होतो, "वाढत्या अंगाचीच द्या, बारावीपर्यंत पुरली पाहिजे." सीट पार खाली केली तरी तिचे पाय जेमतेम टेकायचे, हँडलला हात ताणून धरावा लागायचा, आणि ब्रेकच्या दांड्यापर्यंत बोटं नीट पोचायची नाहीत. पहिल्याच पावसाळ्यात गिट्टीवर थांबताना पाय टेकला नाही आणि ती मागून येणाऱ्या ट्रॅक्टरसमोर पडली. ट्रॅक्टरवाला भला म्हणून वाचली. त्यानंतर सायकल गोठ्यात गेली आणि पोरगी एसटीच्या वेळेला बांधली गेली. बस चुकली की शाळा बुडाली. घरचे म्हणायचे, "तिला जमतच नाही सायकल." मीही मान डोलावली होती. मेहकरच्या पंक्चरवाल्याचं वाक्य ऐकेपर्यंत माझ्या डोक्यात आलं नव्हतं की तिला सायकल जमत होती, ती सायकल तिच्या मापाची नव्हती, आणि माप चुकवणारा मी होतो.

आपल्याकडे बाईची सरासरी उंची दीडशे सेंटिमीटरच्या थोडीच वर आहे. त्या हिशोबाने सरळ दांडीची फ्रेम ४५-४६ सेंटिमीटरची हवी. "लेडीज सायकल" म्हणून जी मिळते तिच्यात काय केलेलं असतं? दांडी खाली वाकवलेली. साडी-पंजाबी ड्रेसची सोय झाली, हातांची लांबी कुणी विचारली? टूरिंगमध्येही तेच. लहान फ्रेमला मोठं ७०० चं चाक लावलं की वळताना बुटाचं टोक पुढच्या चाकाला घासतं. म्हणून सर्लीसारखी कंपनी तिच्या टूरिंग सायकलींच्या लहान फ्रेमना बरीच वर्षं २६ इंची चाकं देत आली आहे. उपाय माहीत आहे. फक्त आपल्या दुकानात पोचलेला नाही. राज्य सरकारच्या मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकल घ्यायला अनुदान मिळतं, आणि ती फार चांगली गोष्ट आहे. पण ती मुलगी दुकानात गेली की तिच्यासमोर पुन्हा तोच प्रश्न: २४ की २६? आणि तिच्या शेजारी माझ्यासारखाच एखादा शहाणा मामा उभा असणार.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. ज्या सायकलचा स्टॅक आणि रीच कंपनी सांगत नाही, ती घेऊ नका. ज्या दुकानात एकच माप आहे, तिथून कितीही डिस्काउंट मिळो, बाहेर या. टूरिंगची घेत असाल तर आणखी एक आकडा विचारा: मागच्या चाकाची धुरी पायडलच्या धुरीपासून किती लांब आहे. ४४ ते ४६ सेंटिमीटर असेल तर बॅगा लावल्यावर टाच अडकणार नाही. दोन मापांच्या मध्ये अडकलात तर आधी रीच बघा, स्टॅक नंतर जमवता येतो. आणि किंमत विचारायच्या आधी माप विचारा. आपण विचारत नाही म्हणून ते ठेवत नाहीत, आणि ते ठेवत नाहीत म्हणून आपण विचारत नाही. हे लूप कुणीतरी तोडायला हवं. बुटाच्या दुकानात आपण "आठ नंबर नाही? मग दहा द्या, घट्ट बांधीन" असं म्हणतो का?

दिवाळीत चिखलीला गेलो तेव्हा टेप बरोबर नेली होती. भाचीला भिंतीला उभं करून मोजली. (पुस्तक तिच्याच विज्ञानाचं. "मामा, हे शाळेत सांगू नको.") मोठी सायकल देऊन, वर थोडे पैसे घालून, ओळखीतून एक वापरलेली २४ इंची चाकांची, लहान फ्रेमची सायकल आणली. ब्रेकचे दांडे स्क्रूने आत घेतले, सीट ०.८८३ पेक्षा थोडी खालीच ठेवली, कारण तिला आधी पाय टेकण्याचा भरवसा हवा होता. ती अंगणात दोन चकरा मारून आली आणि म्हणाली, "ही हलकी आहे का रे?"

वजनाला दोन्ही सारख्याच होत्या.

असो. बोथा घाट अजून राहिलाय. या डिसेंबरात पुन्हा जाणार, मीडियम घेऊन. मेहकरला थांबून हवा भरून घेणार आहे, चाकात असली तरी.